पंडिता रमाबाई आणि त्यांच्या मैत्रिणी



देवदूताचा निरोप मिळाल्यावर पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातील एलिझाबेथच्या घरी गेली, हा प्रसंग आपण दर वर्षी ३१ मे रोजी भेटीच्या सणाला ऐकतो. मरियेचे स्तुतिगीत तिच्या ओठांवर आले ते नाझरेथमध्ये एकटी असताना नव्हे. एलिझाबेथने तिचे मनापासून स्वागत केले आणि मग ते गीत बाहेर पडले. एका स्त्रीने दुसरीला ओळखले की तिला शब्द सापडतात, असे आम्हाला या प्रसंगावरून नेहमी वाटते. पंडिता रमाबाईंच्या जीवनाकडे आज आपण याच दृष्टीने पाहू. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला. पण मराठी बोलणाऱ्या सर्वच ख्रिस्ती लोकांना त्या आपल्या वाटतात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. तीच विद्या आईने पहाटे, घरची कामे सुरू होण्यापूर्वी, रमेला दिली. म्हणजे रमाबाईंची पहिली गुरू एक स्त्रीच. पुढे तीर्थयात्रा, दारिद्र्य आणि दुष्काळ यांत आई-वडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत त्या देशभर पायी फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा होती.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रिया व्याख्याने ऐकण्यास जमू लागल्या. त्या काळी हे सोपे नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे या सभांना जात म्हणून त्यांना घरातील वडीलधाऱ्या बायकांची किती बोलणी खावी लागत! बाहेर शिकायला निघालेल्या सुनेला घरातून काय ऐकावे लागते, हे आपल्या पाड्यांवरील भगिनींना सांगायला नको. या मंडळींत वावरत असतानाच पंडिताबाईंचे ‘स्त्रीधर्मनीती’ हे पहिले पुस्तक १८८२ मध्ये निघाले आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासखर्चास हातभार लागला.

१८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन निघाल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परक्या देशात पोचल्यावर काही महिन्यांतच या मैत्रिणीने स्वतःच्या हाताने जीवन संपवले. रमाबाईंवर केवढा आघात झाला असेल! वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आधार दिला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथे रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

येथील सिस्टर जेराल्डिन यांचे रमाबाईंशी असलेले नाते आम्हाला सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. रमाबाई त्यांना लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. आणि याच आजीबाईंशी त्या वर्षानुवर्षे पत्रांतून भांडल्या! त्रैक्याच्या शिकवणुकीपासून ते शाकाहारापर्यंत एकही विषय सुटला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपली संस्कृत का नको, हाही वाद झाला. सिस्टरांना यात अहंकार दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे, की देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकून श्रद्धा ठेवता येत नाही. मात्र इतके मतभेद असतानाही मनोरमेला सांभाळायचे म्हटले तर रमाबाईंना याच सिस्टर आठवत, आणि त्याही तिला मायेने सांभाळत. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीही अशीच प्रश्नोत्तरे चालत. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते, त्यामुळेच त्यांना डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. पण या पत्रांनी त्यांची इंग्रजी लेखणी तयार केली, असे आम्हाला वाटते. सगळ्याच मैत्रिणी मान डोलावणाऱ्या असत्या तर ती धार आली नसती.

पुढचे पुस्तक मैत्रीतूनच जन्मले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजच्या डॉ. रेचेल बॉडली यांनी रमाबाईंना आपल्या विद्यार्थिनीच्या, म्हणजे आनंदीबाई जोशी यांच्या, पदवीदान समारंभास बोलावले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई तेथे हजर होत्या. दोघी नात्यातल्याही होत्या. वर्षही झाले नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक निघाले. प्रस्तावना डॉ. बॉडली यांची, आणि तीत गेलेल्या आनंदीबाईंची आठवण. अर्पणपत्रिका मात्र आई लक्ष्मीबाईंच्या नावे आहे. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. अमेरिकेत फ्रान्सिस विलर्ड यांच्यासारख्या स्त्रियांच्या संघटना रमाबाईंनी जवळून पाहिल्या आणि १८८९ मध्ये त्या देशाविषयी मराठीत पुस्तक लिहिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तारीख पाहिलीत ना? पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला. तिचे, म्हणजे बाया कर्वे यांचे, ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र १९४४ मध्ये निघाले. त्याच १८९३ साली सदनात ख्रिस्ती धर्माची ओढ लावली जाते यावरून पुण्यात गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तरीही रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा पंडिताबाईंच्या पुण्यातील दिवसांना त्यात जागा दिली. आपल्या जिल्ह्याच्या लेक लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. त्या काळच्या बायका एकामागून एक लिहू लागल्या त्या अशा.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली होत्या. त्यांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत बायबल हवे, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि स्वतः भाषांतरास बसल्या. छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम तेथील स्त्रियाच करीत. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईने काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई देवाघरी गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते.

सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंची पत्रे टाकली नव्हती. ती त्यांनी एकत्र लावली, स्वतःवर टीका असलेलीही त्यात ठेवली, आणि जेथे पटले नाही तेथे आपले टिपण जोडले. तो संग्रह १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. रमाबाईंचे तरुणपणीचे मन आज आपल्याला त्यातच वाचायला मिळते.