बाळू पालवणकर : मातीच्या कपातला चहा



आज वाचनाला चोखोबांचे अभंग आहेत. चोखोबा जन्मभर विठोबाच्या दाराबाहेरच उभे राहिले, समाधीसुद्धा पंढरपुरात महाद्वारापाशीच. वाचताना मला सारखी एका क्रिकेटरची आठवण येत होती. तुमच्यापैकी कितीजणांना बाळू पालवणकर ठाऊक आहेत?

जन्म १८७६, धारवाड. घराणं कोकणातलं, समाज चर्मकार, वडील लष्करात. पोट भरायला पुण्याला आले आणि पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचं काम मिळालं. पगार महिना ३ रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपये! रोलर ओढायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी बॉलिंग टाकायची. ग्रेग नावाचा साहेब तर त्यांच्याकडून तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकून घ्यायचा. बाद केलं की ८ आणे द्यायचा, असं सांगतात.

आपल्या थळच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की पोरं स्टंप रोवतात. आधी बॅटिंग कोणाची यावरच अर्धा वेळ भांडण! बाळूंच्या हातात त्या क्लबात कोणी बॅट दिलीच नाही. बॅटिंग म्हणे मोठ्या लोकांची.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं, तेव्हा बाळू हवेसे झाले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलायचे. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा बाहेर, मातीच्या कपात. पिऊन झाला की कप फेकून द्यायचा. जेवणाचं ताटही वेगळं. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हे गणित मला आजही सुटत नाही.

पुढे ते मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम दोघंही होते. १९११ ला पतियाळाच्या महाराजांच्या संघाबरोबर बोटीने इंग्लंड. वय पस्तीस, खांदा दुखरा, तरी त्या दौऱ्यात ११४ गडी! परक्या मुलुखात, परक्या हवेत.

एवढं करूनही हिंदू संघाचं कॅप्टनपद त्यांच्याकडे आलं नाही. का, ते वेगळं सांगायला नको. ते आलं धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे, १९२३ मध्ये. आणि त्याच वर्षी स्पर्धाही जिंकली. (नाव बघा, विठ्ठल!)

पुढचा भाग जरा अवघड आहे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना एके काळी त्यांचा केवढा अभिमान होता! पण दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. बाळू हरले. काहींनी त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. मी मात्र निवाडा करणार नाही, मी तो कप प्यायलेलो नाही.

४ जुलै १९५५ ला मुंबईत त्यांनी देह ठेवला.

उद्या सोयराबाईंचे अभंग वाचू. जय हरी!