रेव्हरंड टिळक : वेतन सुटले, सेवा नाही

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो, हे आपणांस ठाऊक आहे. १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांना एका सहप्रवाशाने बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांनी अध्यापन, उपदेश व काव्यलेखन केले.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनी नोकरी सोडली. येथे एक भेद ध्यानात घ्यावा : त्यांना कोणी दूर केले नव्हते. मिशनच्या पगारी सेवकाने सांगितलेला ख्रिस्त देशबांधवांना परका वाटतो, ही त्यांची व्यथा होती. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने निश्चित मिळकतीवर पाणी सोडणे सोपे नव्हते. तरीही त्यांनी पद सोडले, श्रद्धा सोडली नाही. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते.

९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई व पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केले.

आपल्याच धर्मसंस्थेतील पद सुटले की तेथील नातेही सुटते काय? हा प्रश्न मनात ठेवून आपण त्यांची भक्तिकविता पुन्हा वाचावी.