हवेचा हिशेब

माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत आपल्या पिकअप गाडीचे नाक बदलले. नाक म्हणजे इंजिनाने हवा आत घ्यायची वाट. कारखान्यातून आलेली काळी प्लास्टिकची पेटी, तिच्यातला कागदी फिल्टर आणि बाहेरची गार हवा आणणारी नळी, हे सगळे काढून एका मिस्त्रीने तिथे कपाशीच्या बोंडासारखा निमुळता, उघडा फिल्टर बसवून दिला. आता गाडी जास्त हवा घेईल, जास्त ओढेल, कापूस भरून घाटंजीहून यवतमाळला येताना चढावर दम टाकणार नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. गाडी कर्जाची आणि कर्जाला जामीनदार मी. जन्मभर बँकेत बसून लोकांच्या जामिनाचे कागद तपासले, आणि निवृत्तीनंतर स्वतःची सही केली ती अशा ठिकाणी!

सुरुवातीला भाचा खूश होता. बॉनेटखालून सूं असा झकास आवाज येई, आणि आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असे वाटणे हा मनुष्यस्वभावच आहे. होळीपर्यंत इंजिन ऑइल खाऊ लागले. मागून निळसर धूर येऊ लागला. मग एक दिवस तो माझ्या ओसरीवर येऊन गप्प बसला, तेव्हाच मी ओळखले की हप्ता थकला आहे.

मी काही मिस्त्री नाही. पण एका कादंबरीच्या निमित्ताने रूडॉल्फ डिझेल या माणसाचे चरित्र मी बरेच दिवस धुंडाळत होतो. ज्याच्या नावाचे तेल आपण रोज पंपावर मागतो तोच हा माणूस. दोन संध्याकाळी मी भाच्याला त्याची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो.

आमच्या यवतमाळकरांना डिझेलचा महिमा कळला तो तसा उशिराच. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणाऱ्या आमच्या शकुंतला गाडीला 1921 साली मँचेस्टरला घडवलेले वाफेचे इंजिन होते. 1923 पासून ते धावत होते आणि 1994 साली त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. तेव्हा मी बँकेत नोकरीला होतो आणि वाफेचे इंजिन गेले म्हणून हळहळलोही होतो. आता ती गाडीच बंद आहे. पण त्या धुराड्यातून कोळशाची किती उष्णता फुकट जात होती, याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. तो विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी म्युनिकच्या वर्गात बसलेल्या एका विद्यार्थ्याच्या मनात आला होता.

डिझेलचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईबाप जर्मन. बाप चामड्याच्या वस्तू बनवी आणि पोरगा त्या हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे पोचवी. 1870 साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल मंडळी लंडनला गेली. बारा वर्षांच्या रूडॉल्फला तिथून एकट्यालाच ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला धाडले. परदेशात जन्मलेले, गरिबी पाहिलेले, हुशार पोर. आपल्याकडे अशा मुलाला लोक म्हणतात की हा घराचे पांग फेडील. त्यानेही ते फार मनावर घेतले असावे.

म्युनिकच्या तंत्रविद्यालयात त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. शीतयंत्रांचे हे थोर संशोधक. वाफेचे यंत्र कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते आणि बाकीची वाया जाते, हे त्यांच्या व्याख्यानात ऐकले आणि या मुलाला झोप येईना. आपण सायकलीत हवा भरतो तेव्हा पंपाचे बूड तापते. हवा दाबली की ती गरम होते. पुरेशी दाबली तर इतकी गरम होईल की तिच्यात तेल सोडताच ते आपोआप पेटेल, ना ठिणगी लागेल ना काडी. एवढ्या एका कल्पनेवर डिझेलचे आयुष्य उभे राहिले आणि कोसळलेही.

त्याआधीची इंजिने हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत ओढत. ते फार दाबले तर अवेळी पेटे. डिझेलने ठरवले की आत ओढायची ती नुसती हवा, इंधन शेवटच्या क्षणी सोडायचे. म्हणजे हे इंजिन मुळातच हवेवर जगणारे. भाच्याला मी हिशेब करून दाखवला: एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात इंजिन त्याहूनही बरीच अधिक घेते. हे ऐकून त्याचा चेहरा खुलला. मग मी जास्त हवा दिली तर बिघडले कुठे, असा त्याचा सवाल. सवाल रास्त होता. गंमत अशी की डिझेलची पहिली चूकही हीच होती.

1893 साली त्याने आपले पुस्तक छापले. त्यात कल्पिलेल्या इंजिनात हवा अतोनात होती, इंधन नाममात्र, आणि दाब अडीचशे वातावरणांचा. कागदावर सारे उत्तम. पण नंतर त्याने पुन्हा गणित मांडले तेव्हा ध्यानात आले की असे इंजिन एवढी हवा दाबण्यातच दमून जाईल, बाहेर द्यायला ताकद उरणार नाही. त्याला दाब उतरवावा लागला आणि इंधन वाढवावे लागले. ताकद येते ती जळलेल्या इंधनातून. ठरल्यापेक्षा तेल जास्त येणार नसेल तर नाक कितीही मोठे करा, चढ तेवढाच राहतो.

ऑग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने आणि क्रुप यांनी त्याच्यामागे पैसा उभा केला. 10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्या इंजिनात इंधन सोडले तेव्हा स्फोट होऊन दाब मोजायचे उपकरणच उडाले. जवळची माणसे थोडक्यात वाचली. पण डिझेल आनंदला, कारण दाबलेल्या हवेत इंधन पेटते हे सिद्ध झाले होते. 17 फेब्रुवारी 1894 ला इंजिन स्वतःच्या बळावर मिनिटभर फिरले. मिनिटभर! आणि बरोबर तीन वर्षांनी, फेब्रुवारी 1897 मध्ये, प्राध्यापक श्रॉटर यांनी रीतसर चाचणी घेतली. इंधनातली 26.2 टक्के उष्णता कामी लागली होती. पृथ्वीवरचे कोणतेच उष्णतायंत्र तोवर तिथे पोचले नव्हते.

इथून पुढे माझ्यातला बँकवाला जागा होतो. यशाच्या पहिल्या वर्षीच देशोदेशीचे हक्क विकले गेले. अमेरिकेचे हक्क बिअरचे कारखानदार अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. पैसा आला, पण इंजिन अजून कच्चे होते. पहिले व्यापारी इंजिन 1898 साली केम्प्टनच्या कारखान्यात बसले. तो कारखाना होता काडेपेट्यांचा. काडी न लागणारे इंजिन काडेपेट्यांच्या कारखान्यात, हा योग नियतीनेच जुळवला असणार! ते इंजिन वरचेवर बंद पडे. तेल बारीक उडवायची जाळी तुंबे. परवानेदार तक्रारी करू लागले, आणि त्याच वर्षी डिझेल मज्जातंतूंच्या थकव्याने रुग्णालयात गेला.

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते आणि तेल बदलले हे प्रेक्षकांच्या ध्यानातही आले नाही. म्युनिकमध्ये राजवाड्यासारखे घर झाले. पण जमिनींच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत पैसा बुडत गेला. उष्णतेचा एकेक अंश मोजणारा हा माणूस व्याज मात्र मोजत नव्हता. मी असे खातेदार पाहिले आहेत. बोलणे उत्तम, कपडे स्वच्छ, आणि पासबुक कधी भरून घेत नाहीत.

29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी अँटवर्पहून तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबत्यांबरोबर जेवला, दहाच्या सुमारास खोलीत गेला, सकाळी सव्वासहाला उठवण्याची सूचना देऊन. सकाळी बिछाना न विस्कटलेला आढळला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. खिशातल्या वस्तू काढून घेऊन प्रेत परत पाण्यात सोडण्यात आले. चष्म्याचे घर आणि इतर किरकोळ चिजा धाकट्या मुलाने, ऑयगेनने ओळखल्या. घातपाताच्या कथा पुष्कळ निघाल्या. मी हिशेबाच्या वह्यांवर जास्त विश्वास ठेवतो. मागे निघालेली देणी मालमत्तेपेक्षा कितीतरी अधिक होती.

आपल्या नावाचा ट्रक बाजारात आलेला त्याने पाहिलाच नाही. त्याच्या इंजिनात तेल आत फुंकायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागे, आणि ते धूड चाकांवर मावत नसे. तेल नुसत्या दाबाने सोडणारा बॉश यांचा पंप 1927 साली तयार होऊ लागला, तेव्हा कुठे डिझेलच्या मालमोटारींचा रस्ता खरा मोकळा झाला. आणि इंजिनाला हवा जास्त कशी द्यावी, याचे खरे उत्तर स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी 1905 सालीच पेटंट केले होते: बाहेर जाणाऱ्या धुरानेच पंखा फिरवून हवा दाबून भरायची. आजचा टर्बो तो हाच. भाच्याच्या गाडीत तो कारखान्यातूनच होता. म्हणजे जे मिळवायला तो गेला, ते त्याच्याकडे आधीच होते.

गेले ते वेगळेच. जुनी नळी बॉनेटबाहेरची हवा घेई. उघडा फिल्टर इंजिनाशेजारची तापलेली हवा पिऊ लागला. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेरच पारा 44-45 ला जातो. आत आणखी तीस अंश वाढले की तेवढ्याच हवेचे वजन आठ-नऊ टक्क्यांनी घटते. म्हणजे दिसायला नाक मोठे, पण श्वास आखूड. त्यात आमचे शेतरस्ते, काळ्या मातीची पिठासारखी धूळ, जिनिंगच्या आवारात उडणारे रुईचे तंतू. बारीक धूळ त्या उघड्या फिल्टरमधून आत गेली आणि ऑइलात मिसळून सिलिंडर घासत राहिली. रिंगा गेल्या. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर छत्रीसारखे टोपण असते, जुन्या गाड्यांत ऑइल भरलेला फिल्टर असे. तो थाट नव्हता, ते धुळीला ओळखून केलेले काम होते. चढ जास्तच वाटत असेल तर फिल्टर वेळेवर बदलावा, नळ्यांच्या फटी बघाव्यात, आणि एक-दोन गासड्या कमी भराव्यात. शेवटचा उपाय भाच्याला आवडला नाही.

काढलेली पेटी गोठ्यात पडली होती. तिच्यात कोंबडीने संसार थाटला होता. अंडी टोपलीत हलवून त्याने पेटी धुतली, नवा कागदी फिल्टर आणला. रिंगांचे काम दुसऱ्या मिस्त्रीकडे दिले आहे. दोन हप्ते मी भरले. डिझेलच्या गोष्टीबद्दल त्याने मला एकच विचारले: त्याचा जामीनदार कोण होता, मामा?