तात्या टोपे यांची दक्षिणेची वाट

गोंदियाहून बालाघाटकडे निघाले की राजेगाव लागते. आज मध्य प्रदेशात असलेला हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस होशंगाबादच्या वरच्या अंगाला नर्मदा ओलांडून तात्या टोपे याच भोसल्यांच्या राज्याकडे वळले. पण वैनगंगेपर्यंत ते पोहोचू शकले नाहीत.

येवल्याचे हे रामचंद्र पांडुरंग पेशव्यांच्या आश्रयाने ब्रह्मावर्तास वाढले. ज्या नानासाहेबांसाठी त्यांनी तलवार धरली, ते मूळचे आपल्या कर्जतजवळच्या वेणगावचे. नोव्हेंबर १८५७ मध्ये तात्यांनी कानपुरात जनरल विंडहॅमला मागे रेटले. समोरासमोरच्या लढाईत मात्र यश टिकेना. डिसेंबरात कॅम्पबेलने त्यांना कानपुरातून हुसकावले. झाशीच्या मदतीस नेलेली फौज १ एप्रिल १८५८ रोजी बेटवाकाठी ह्यू रोजने मोडली. जूनमध्ये ग्वाल्हेरही हातचे गेले.

यानंतर त्यांनी गनिमी कावा पत्करला. झालरापाटणला मिळवलेल्या तोफा राजगडला सोडाव्या लागल्या, पण फौज निसटली. या धावपळीस केवळ पळापळ म्हणणे आम्हांस मान्य नाही. जीवच वाचवायचा असता तर माळव्या-बुंदेलखंडातील रान काय थोडे होते? मराठी मुलखात पेशव्यांचे निशाण पुन्हा उभारले तर दक्षिण पेटेल, हा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. चुकला तो काळ. नागपूरचे राज्य १८५४ मध्येच खालसा झाले होते, तेथील घोडदळाचा कट जून १८५७ मध्ये फसला होता. त्यातच १ नोव्हेंबर १८५८ रोजी, म्हणजे तात्या नर्मदेपलीकडे उतरले त्याच दिवसांत, राणीचा जाहीरनामा वाचला गेला. त्यात बंडवाल्यांना माफी आणि संस्थानिकांना हक्कांचे अभय होते. मग उठणार कोण? शिवरायांच्या पाठीशी सह्याद्रीचे किल्ले व मावळे होते. तात्यांपाशी मुक्कामापुरतेही हक्काचे गाव नव्हते.

मुलताईहून ते पश्चिमेस वळले, मेळघाटाच्या बाजूने पुन्हा नर्मदा ओलांडून छोटा उदेपूरपर्यंत गेले. तेथे १ डिसेंबरला पराभव झाला. जानेवारीत सीकरलाही तेच घडले आणि फौज विखुरली. अखेर पारोणच्या जंगलात ज्याच्या आश्रयाला ते राहिले, त्या नरवरच्या मानसिंगानेच ७ एप्रिल १८५९ च्या रात्री त्यांना इंग्रजांच्या हाती दिले. खटल्यात आपण धन्याच्या हुकुमाने लढलो, एवढीच त्यांची भूमिका होती. १८ एप्रिलला शिवपुरीस त्यांना फाशी देण्यात आले.