लोकमान्यांस झालेल्या चार शिक्षा

गीताजयंती आली म्हणजे घरोघरी गीतारहस्याची आठवण निघते. हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात लिहिला गेला, हे वाचकांस विदित आहेच. परंतु ती शिक्षा कशी ठरली आणि तिचा फेरविचार का होऊ शकला नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. तेच येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. ते स्वतः कायद्याचे पदवीधर असून पुण्यास कायद्याचे वर्गही चालवीत. तरीही चार वेळा त्यांस आरोपी म्हणून शिक्षा ऐकावी लागली.

पहिली १८८२ सालची. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या अब्रुनुकसानीबद्दल त्यांस व आगरकरांस चार महिन्यांची कैद झाली. दोघेही १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले.

दुसरी १८९७ सालची, राजद्रोहाची. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले. बहुमत मानून न्यायमूर्तींनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. पुढे मॅक्समुल्लरादी विद्वानांनी अर्ज केला आणि सुमारे वर्षभरानंतर त्यांची सुटका झाली. ही सूट सरकारने दिली, न्यायालयाने नव्हे. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तिसरी शिक्षा आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. ताई महाराज प्रकरणात मित्राच्या मृत्युपत्राचे विश्वस्त या नात्याने टिळक दत्तकाच्या वादात ओढले गेले. १९०३ साली मॅजिस्ट्रेटने त्यांस खोट्या साक्षीबद्दल अठरा महिने सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड सांगितला. अपिलात सेशन्स न्यायाधीशांनी दोष कायम ठेवून कैद सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती जेन्किन्स यांच्यापुढे प्रकरण गेले आणि दोष व शिक्षा दोन्ही रद्द झाली. मनुष्य तोच, पुरावा तोच. परंतु अठरा महिन्यांचे सहा झाले आणि सहांचे शून्य झाले.

चौथ्या वेळी ही वाट बंद होती. १९०८ चा खटला उच्च न्यायालयातच ज्यूरीपुढे चालला, त्यामुळे पुराव्यावर नेहमीसारखे अपील नव्हते. ज्यूरीचे मत सात विरुद्ध दोन असे पडले. १८९७ साली जामिनासाठी टिळकांची बाजू मांडणारे दावर आता न्यायासनावर होते. त्यांनी २२ जुलैच्या रात्री दोन आरोपांबद्दल तीन-तीन वर्षे, एकामागून एक भोगावयाची, अशी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड फर्माविला. दुसऱ्या दिवशी लोकमान्यांस बावन्न वर्षे पुरी होत होती. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची परवानगी मिळाली नाही. सरकारने शिक्षेचे साध्या कैदेत रूपांतर केले, तरी वर्षे कमी झाली नाहीत. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई वारल्या, तेव्हा ते मंडालेसच होते. जून १९१४ मध्ये ते परतले व १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस दिवंगत झाले.

आज आमच्या राजेगावच्या कोणा मनुष्यास मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली, तर तो बालाघाटच्या सेशन्स न्यायालयात अपील करू शकतो, आणि तेथून जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे दाद मागू शकतो. सेशन्सने दिलेली फाशी तर उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अंमलात येत नाही. न्यायाधीशही मनुष्यच असतो, म्हणून कायद्याने दुसऱ्या डोळ्याची सोय ठेविली आहे.

गावात मात्र पहिला निकाल लागताच त्या घरी जाणेयेणे तुटते, मुलीचे जमलेले लग्न मोडते. १९०३ साली निकाल ऐकून ज्यांनी लोकमान्यांकडे पाठ फिरविली असेल, त्यांस पुढच्या वर्षी काय वाटले असेल, याचा विचार मंदिराच्या पायरीवर बसून आपण सर्वांनी अवश्य करावा. न्यायालये पुन्हा तपासून पाहतात. मग शेजाऱ्यांनीच इतकी घाई का करावी?