नागपूरहून निघालेली रेल्वे, अनोळखी प्रवासी आणि समेटासाठी झटलेला एक कवी

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे भंडारा रोड, तुमसर, तिरोडा अशी स्टेशनं घेत गोंदियाला पोहोचते. आज वाघांसाठी ओळखलं जाणारं नागझिऱ्याचं जंगल या मार्गाच्या दक्षिणेला आहे. 1893 साली याच मार्गावरच्या एका डब्यात दोन अनोळखी माणसांच्या गप्पा रंगल्या.

त्यातले एक होते नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हे, कवी टिळक. जन्म 1861चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतचे जाणकार आणि धर्माबद्दल सतत प्रश्न पडणारे. समोर बसलेल्या युरोपियन प्रवाशाशी बोलणं कवितेवरून सुरू झालं आणि धर्मावर पोहोचलं. निरोप घेताना त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो सांगून गेला.

पुस्तक वाचताना टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. वैऱ्यावर प्रेम करावं, असं हे प्रवचन सांगतं. समेट घडवणाऱ्यांना ते देवाची लेकरं मानतं. टिळकांना हे मनापासून पटलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण पहिली फूट घरातच पडली

त्या काळी धर्म बदलणं म्हणजे जातीतून, नात्यातून आणि पंक्तीतून उठणं. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. शांतीचा मार्ग धरलेल्या माणसाच्या स्वतःच्याच संसाराचे दोन तुकडे झाले होते, आणि तेही त्याच्याच निर्णयामुळे.

पुढे लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं-ओवळं सोडलं नाही. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणीही वेगळं. टिळक तसे तापट, पण तरीही त्यांनी बायकोला तिच्या पद्धतीने राहू दिलं. हळूहळू जातीचे नियम माणसानेच केलेत, असं लक्ष्मीबाईंना स्वतःलाच वाटू लागलं. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

दोन्ही बाजूंच्या मधोमध

घर जुळलं, पण बाहेरची दरी कायम होती. हिंदू समाजाला टिळक परके झाले होते. मिशनमधल्या काहींना त्यांचं देशप्रेम आणि देशी वळण फार मानवत नव्हतं. टिळकांचं म्हणणं मात्र साधं होतं. ख्रिस्ताचा होण्यासाठी मराठी माणसाने आपली भाषा आणि संतांचा वारसा टाकायची गरज नाही. म्हणून त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, कीर्तनात आणली. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन केलं. त्यांच्या घराचं दारही सगळ्यांना उघडं होतं. बालकवी ठोमरे ख्रिस्ती नव्हते, तरी टिळकांच्या घरात ते मुलासारखे राहिले.

1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यस्त जीवन पत्करलं. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही इथे जागा होती. अट एकच, ख्रिस्ताला गुरू मानायचं. पण हा प्रयोग रुजायला पुरेसा वेळच मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं.

मागे राहिलं अर्धवट ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्ताचं चरित्र सांगणाऱ्या या महाकाव्याचे सुरुवातीचे काही अध्यायच टिळकांच्या हातून झाले होते. पुढचे 60हून अधिक अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. एकेकाळी नवऱ्याच्या घरात स्वतःची चूल वेगळी मांडणाऱ्या बाईने त्याचं अपुरं राहिलेलं काम हाती घेतलं. टिळकांनी ज्या समेटासाठी आयुष्य वेचलं, तो पूर्णपणे साधला तो त्यांच्या स्वतःच्या घरात.