रस्त्याकडेची रानफुले आणि थोरो

बर्फ वितळला की आम्ही न्यू इंग्लंडवाले गाड्या काढून भटकायला निघतो. बॉस्टनहून कॉन्कॉर्ड वीसेक मैलांवर. तिथल्या रस्त्यांच्या कडेला एप्रिल-मे महिन्यांत रानफुले डोकावू लागतात आणि आमची गाडी भुर्रकन पुढे जाते. याच वाटांवर रोज पायी हिंडणाऱ्या एका माणसाची ही ओळख.

हेन्री डेव्हिड थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी कॉन्कॉर्डमध्येच झाला. १८३७ मध्ये हार्वर्डचे शिक्षण संपवून तो गावी परतला. घरचा पेन्सिलींचा धंदा आणि जमीन मोजणीची कामे यांवर त्याने पोट भरले. १८४५ पासून दोन वर्षे तो वॉल्डन तळ्याकाठी झोपडीत राहिला. १८४६ मध्ये गुलामगिरी चालवून घेणाऱ्या सरकारला कर नाकारला म्हणून त्याने एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरचा त्याचा निबंध गांधीजींनी वाचला होता. त्याचे वॉल्डन हे पुस्तक ऋतुचक्रकार दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणले.

त्याचा फुलांचा नाद मात्र आपल्याला फारसा ठाऊक नसतो. बगलेत फुले दाबायला संगीताची जुनी वही, डोक्यावर गवती टोपी. टोपीच्या आत एक कप्पा, त्यात गोळा केलेली रोपे! एखादे फूल नेमके कोणत्या दिवशी उमलते हे बघायला तो पंधरवड्यात पाच-सहा वेळा चार-पाच मैल चालत जाई. १८५० च्या दशकात वर्षामागून वर्षे त्याने शेकडो जातींच्या तारखा लिहून ठेवल्या.

६ मे १८६२ रोजी, ऐन वसंतात, क्षयाने तो गेला. वय अवघे ४४.

दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या नोंदी आजच्या फुलांशी ताडून पाहिल्या. कॉन्कॉर्डची हवा तापली आहे आणि वसंतातली फुले सरासरी आठवडा-दहा दिवस आधी फुलतात. त्याने पाहिलेल्या जातींपैकी सुमारे पाव जाती तर आता तिथे सापडतच नाहीत. त्याने लिहून ठेवले नसते, तर काय हरवले हेही कुणाला कळले नसते.

म्हणून यंदा आम्ही एक ठरवले आहे. सुरक्षित जागा बघून गाडी थांबवायची, मुलांना खाली उतरवायचे, फूल न तोडता बघायचे आणि वहीत तारीख लिहायची. नाव नाही आले तरी चालेल, रंग लिहा. तुम्हीही येताय ना?